भरतीच्या दोन तास आधी

सोमवार, १८ नोव्हेंबर

सर्जननी आज तारीख दिली. तेरा डिसेंबर.

आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, उजवा पाय ऑगस्टमध्ये घोट्याच्या वर कापला. अंगणात खिळा लागला होता, साखरेमुळे जखम चिघळत गेली. आता पाय नाही, पण दुखतो तोच. जिथे नुसती चादर असते तिथे. सर्जन म्हणतात, शिरा वरूनच तोडू, गुडघ्याच्या वर. मी विचारलं, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला झेपेल का, हृदय असं असताना? ते म्हणाले, धोका आहेच, पण रोज असं ओरडत किती दिवस काढणार. मग एक चिठ्ठी दिली. तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडमना दाखवून बघा म्हणाले.

वर जाऊन पाटी वाचली. चिकित्सा मानसशास्त्र. आबांनी विचारलं, काय लिवलंय. मी म्हटलं, दुखण्याच्या डॉक्टर. खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन सुक्या मासळीच्या पुड्यांनी शिकवलं. बाजारात गिऱ्हाईक नसलं की पुड्यांसाठी आणलेली रद्दी वाचायची, अर्धी बातमी इथे, उरलेली भलत्याच कागदावर. मग दिवाळे गावातल्या वाचनालयाची पुस्तकं. लिहायची सवय मात्र माझे यजमान, भगवान, गेल्यापासून. कुणाशी तरी बोलायचं असतं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मॅडमचं नाव अबोली. वय तिशीच्या आतबाहेर. मला ताई म्हणाल्या, आबांना आजोबा. आबा पहिली दहा मिनिटं दाराकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "पोरी, मना येरा समजतंस काय?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वेडे असता तर नसलेला पाय दुखतो हे तुम्ही सांगायला घाबरला नसता. दुखणं खरंच आहे. मेंदूत त्या पायाची जागा अजून तशीच आहे, तिथून तो हाक मारतोय. औषधाने हाक थोडी दबते. आपण त्या पायाला उत्तर देऊन बघू.

मग विचारलं, नेमकं कसं दुखतं? मला आजवर हे विचारायचं सुचलं नव्हतं. आबांनी पायाखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "चिखलात रुतलाय. खालून धरलाय कुनीतरी. सोडत नाय."

उपाय आरशाचा आहे. आरसा दोन पायांच्या मध्ये उभा धरायचा, कापलेला पाय आरशामागे. समोरून बघितलं की डावा पाय आरशात उजवा होऊन दिसतो. तो हळूहळू हलवायचा आणि आरशात बघत राहायचं, म्हणजे डोळे मेंदूला सांगतात की पाय आहे आणि मोकळा आहे. दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं. आणि एक तक्ता दिला. दुखणं किती वाजता सुरू झालं, दहापैकी किती.

ऐकताना मला जत्रेतल्या खेळासारखं वाटलं. पण तेरा तारखेच्या आधी कुठलाही खेळ करायची माझी तयारी आहे.

बुधवार, २० नोव्हेंबर

घरात एवढा मोठा आरसा एकच, माझ्या कपाटाच्या दारातला. स्क्रू काढून खाली घेतला. कडेला दोन टिकल्या चिकटलेल्या आहेत, डाळिंबी रंगाच्या. सहा वर्षांपूर्वीच्या. मी त्या आरशात बघत नाही, केस चाचपून विंचरते. टिकल्या काढाव्यात असं वाटलं. काढल्या नाहीत.

आबांनी टिकल्या बघितल्या आणि पाय आखडून घेतला. सुनेच्या कुंकवाच्या आरशाला पाय दाखवायचा नाही म्हणाले. दुसरा आन. मी म्हटलं, "आबा, सहा वर्षं त्यात कुणी कुंकू लावलेलं नाही."

थोड्या वेळाने पाय पुढे केला.

बावीस वर्षं मी या घरात आहे. आबांसमोर खुर्चीवर बसत नाही. ते माझ्याशी बोलतात तेव्हा उंबऱ्याकडे बघून बोलतात. आज आरसा धरायला त्यांच्या पायाशी बसावं लागलं. दोघंही अवघडलो. बोटं वर, बोटं खाली. पंधरा मिनिटं झाल्यावर म्हणाले, वरचा पाय हलतो, खालचा हलत नाय, चिखल घट्ट हाय.

रविवार, २४ नोव्हेंबर

चार दिवसांचा तक्ता. गुरुवारी दुपारी अडीच, नऊ. शुक्रवारी सव्वातीन, नऊ. शनिवारी चार, आठ. आज पावणेपाच, नऊ. प्रत्येक वेळी दोनेक तास, मग आपोआप उतरतं. पहाटेही एकदा येतं, तेव्हा मी घड्याळ बघत नाही.

खरं लिहायचं तर माझ्या मनात शंका येते. गोळ्या ठरलेल्या वेळी, जेवण ठरलेल्या वेळी, मग दुखणं रोज वेगळ्या वेळी कसं? शेजारीण म्हणाली, म्हातारी माणसं लक्ष वेधून घेतात. पण मग आबांची चादर बघितली. दाताखाली धरून धरून कोपरा फाटलाय. लक्ष वेधणारा माणूस चादर तोंडात घालत नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

नावडे गावाहून माझ्या नणंदबाई, शेवंतावन्सं, आल्या. आबांची अवस्था बघून रडल्या, मग माझ्यावर घसरल्या. खाडीची हवा बाधते, चार दिवस माझ्याकडे पाठव म्हणतेय तर ऐकत नाहीस. जाता जाता नेहमीचं बोलल्याच. "या घरात कुनी काय मागावं आनि त्याचं काय व्हावं."

त्यांचं चुकत नाही. त्या दिवशी सकाळी मीच भगवानला म्हटलं होतं, माझी आई येणार आहे, तिला खेकडे आवडतात, चिंबोऱ्या मिळाल्या तर बघा. ते ओहोटीला खाजणात, खाडीच्या चिखलात गेले. पाय मांडीपर्यंत रुतला आणि पाणी चढलं. एकटेच होते. सकाळी सापडले. तेव्हापासून मी चिंबोरी विकत नाही, घरात आणत नाही. आबाही खात नाहीत. ते कधी एका शब्दाने मला बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्याच महिन्यात होडी विकली आणि खाट फिरवून घेतली, खिडकीकडे पाठ करून. मुलगा गेलेली जागा कोण बघत बसेल.

आबा वन्संबरोबर रिक्षातून गेले. आरसा बरोबर दिला, चादरीत गुंडाळून.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

वन्संचा सकाळी फोन. इथेही तेच, आत्ता साडेआठला सुरू झालं. त्यांच्या खिडकीतून खाडी दिसत नाही, कारखान्यांची धुराडी दिसतात.

तक्त्यात लिहायला बसले आणि सहज भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, चतुर्दशी होती. आमच्याकडे लहान पोरांनाही हिशेब येतो, तिथीला पाऊण तासाने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्दशीला साडेदहा. साडेदहातून साडेआठ गेले, दोन तास.

मग मागचे सगळे दिवस तपासले. षष्ठीला भरती साडेचारला, दुखणं अडीचला. अष्टमीला सहाला, दुखणं चारला. एकही दिवस चुकला नाही. पाणी चढायला लागून जोर धरतं तेव्हा दुखणं येतं, पाणी भरलं की जातं.

मासळी विकण्यात माझा जन्म गेला आणि दहा दिवस मी हे घड्याळात बघत होते. खाडी दिसत नसली तरी आबांना पाणी कळतं. ते पाणी कुठे चढतं कोण जाणे.

सोमवार, २ डिसेंबर

मी आधी एकटीच अबोली मॅडमकडे गेले, कॅलेंडर काढून बरोबर नेलं. त्यांना भरती समजावून सांगायला अर्धा तास लागला. समजल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या. विचारलं, चढत्या पाण्याशी आजोबांचं काही घडलंय का?

मी भगवानचं सांगितलं. सप्तमी होती, पूर्ण भरती सव्वापाचला. त्यांनी विचारलं, तेव्हा आजोबा कुठे होते? घरीच, मी म्हटलं. तापाने पडले होते. मी सातला बाजारातून आले तर चादर घेऊन कुडकुडत होते, केस ओले, मी म्हटलं तापात कशाला अंघोळ केलीत. भगवान कुठे विचारलं तर बोलायचंही त्राण नव्हतं. मग मीच म्हटलं, चिंबोऱ्यांना गेले असतील, सकाळी मी सांगितलं होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, माझी चूक ऐकून त्यांनाही काय बोलावं कळेना. शेवटी म्हणाल्या, "ताई, हे सहा वर्षं तुम्ही एकट्या सांभाळताय?" मला रडू आलं. मी तिथे आबांच्या पायासाठी गेले होते.

निघताना सांगितलं, आबांना यातलं काही विचारू नका. ते बोलले तर फक्त ऐका. त्यांना उद्या घेऊन या, मी त्यांच्याशी एकटी बोलेन.

मंगळवार, ३ डिसेंबर

आबांना नावड्याहून घेऊन सरळ दवाखान्यात. तासभर आत. मी बाहेर बाकावर.

आबा बाहेर आले तेव्हा मॅडम त्यांच्याकडून धडा घेत होत्या. चिखलात पाय अडकला तर काढतात कसा? आबा हात हलवून सांगत होते. ओढायचा नाय, ओढला की चिखल जास्त धरतो. आंग मागं टाकायचं. टाच हलवायची, जराजरा, बाजूनं पानी आत जाऊ द्यायचं. पानी आत गेलं की चिखल सोडतो. आदी टाच, मग बोटं. महिन्यांनी त्यांचा आवाज मोठा निघाला. मॅडम म्हणाल्या, मग आरशात बोटं वरखाली नको, हेच करा. आणि चुकीच्या वेळी नको, पाणी चढताना करा.

पण आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. रिक्षात डोळे मिटून बसले.

गुरुवार, ५ डिसेंबर

चतुर्थी. एक वाजता सुरू. टाच हलवताना आबा थांबले. मी मान वर केली तर आरशात त्यांचा चेहरा होता. ते माझ्याकडे बघत होते, आरशातून. बावीस वर्षांत पहिल्यांदा. डोळे भगवानसारखे आहेत, मला माहीतच नव्हतं.

म्हणाले, "उज्वले, तू लय बारीक झालीस." मग, "आरसा ठेव."

तक्त्यात आठ.

रविवार, ८ डिसेंबर

सप्तमी. सव्वातीनला सुरू होणार हे दोघांनाही माहीत होतं. मी तीनला आरसा घेऊन बसले. आबा म्हणाले, धरू नको, भिंतीला टेकव, नि तू तिथं बस, मना दिसशील अशी. मग आरशाकडे बघत सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

आबा तेव्हा घरी नव्हते. त्या दिवशी खाडीत रोवलेला जाळ्याचा खुंट कलला होता. भगवान चिंबोऱ्यांना निघालेच नव्हते, खुंटाचंही ते म्हणत होते उद्या बघू. आबाच म्हणाले, आत्ताच चल, नाहीतर जाळं जाईल. दोघं गेले. खुंट सरळ करताना दोघांचे पाय रुतले. भगवान दोन्ही पायांनी, मांडीपर्यंत. आबा एकाच पायाने, उजव्या. दोन हातांचं अंतर होतं. पाणी चढत होतं. आबा पुढे व्हायला बघत होते, भगवानचा हात धरायला, आणि पाय आणखी आत जात होता.

तेव्हा भगवान म्हणाले, "आबा, तुजा पाय काढ आदी. मग फळी आन."

त्यांनी पाय काढला. काठावर फळी आणायला गेले. फळी घेऊन आले तेव्हा पाणीच होतं.

मग ते घरी आले, नळाखाली बसले. मी आले आणि म्हटलं, चिंबोऱ्यांना गेले असतील, मीच सांगितलं होतं. "मी बोलनार व्हतो," आबा म्हणाले. "तू आदी बोललीस. मग दुसरे दिशी लोकं आली. मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

मी उठून आरसा उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मंगळवार, १० डिसेंबर

काल लिहिलं नाही.

जेवण वेळेवर दिलं, गोळ्या दिल्या, इन्सुलिन दिलं. बोलले नाही. काल नऊ, आज दहा. तक्त्यात दहा पहिल्यांदाच लिहिला. ते ओरडले नाहीत. चादर तोंडात होती.

सहा वर्षं. वन्संची बोलणी मी मान खाली घालून ऐकली, त्याच खाटेवर ते बसलेले असायचे. माझी आई शेवटच्या दुखण्यात म्हणाली, मी येणार नसते तर. ती तसंच मानून गेली. हे मी कुणाकडे परत मागू?

दुपारी मॅडमना फोन केला. वाटलं होतं त्या समजूत घालतील, म्हातारे आहेत, माफ करा. तसं नाही म्हणाल्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही रागावला आहात ते बरोबरच आहे. आरसा तुम्हीच धरला पाहिजे असं नाही. त्यांना इथे आणा, मी धरेन." मी विचारलं, तुम्हाला आधीच माहीत होतं का? त्या म्हणाल्या, ते त्यांचं होतं, त्यांनीच तुम्हाला सांगायचं होतं.

फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून होते. एक गोष्ट मनातून जात नाही. भगवान शेवटी काय म्हणाले, हे मला सहा वर्षं ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, त्यांनी हाका मारल्या असतील आणि कुणी आलं नसेल. बाजारात कुणी मोठ्याने हाक मारली तरी मी दचकायचे. हाका नव्हत्या. समोर बाप होता, आणि त्यांनी बापाला सांगितलं.

बुधवार, ११ डिसेंबर

एकादशी. भरती रात्री सव्वाआठला. सहा वाजता मी आरसा सरळ केला आणि आबांच्या पायाशी बसले. ते म्हणाले, नको, ऱ्हाऊ दे. मी आरसा मध्ये उभा केला.

सव्वासहाला सुरू झालं. त्यांचे ओठ पांढरे पडले. टाच हलवत होते, पण ओढल्यासारखी, घाईने. चिखल सोडत नाय म्हणाले. मी आरशात बघितलं, त्यांचा चेहरा, माझा चेहरा, कडेला दोन टिकल्या.

मी म्हटलं, "आबा, तुमचा पाय काढा आधी."

ते थांबले. आरशातून माझ्याकडे बघत राहिले. मी परत म्हटलं, या वेळी भगवान म्हणाले होते तसंच. "आबा, तुजा पाय काढ आदी."

सासऱ्याला कुणी असं अरेतुरे करत नाही. पण शब्द माझे नव्हते.

मग त्यांनी अंग मागे टाकलं. टाच हलवली, जराजरा, एका बाजूने, मग दुसऱ्या. बराच वेळ. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मी विचारलं, निघतोय का? म्हणाले, टाच निघाली. मग काही वेळाने, बोटं. मग पाय चादरीवर सरळ टाकला आणि तोंडाने मोठा श्वास सोडला, खरंच वर चढून आल्यासारखा.

म्हणाले, "चिखल लागलाय, उज्वले. पानी आन."

मी तांब्या आणि घमेलं आणलं. त्यांचा डावा पाय घमेल्यात घेतला आणि धुतला. घोटा, टाच, बोटांच्या मधल्या जागा. पाय स्वच्छच होता. ते खाली बघत नव्हते, आरशात बघत होते. तिथे मी उजवा पाय धूत होते.

पंच्याने पुसला. साडेसात झाले होते, भरती अजून पूर्ण व्हायची होती. मी विचारलं, किती लिहू? विचार करून म्हणाले, पाच लिव. मग म्हणाले, खोटं नको, सा लिव.

सहा लिहिले.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आज ऑपरेशन नाही. सर्जननी तक्ता बघितला, मॅडमशी फोनवर बोलले आणि म्हणाले, तीन महिने थांबू. काल पाच होते, आज सकाळी पुन्हा सात. मॅडम म्हणाल्या, असं खालीवर होणारच, आरसा सोडायचा नाही. आबा दर मंगळवारी त्यांच्याकडे जाणार आहेत. मलाही वेगळी वेळ दिली आहे. मी म्हटलं, माझं काही दुखत नाही. त्या म्हणाल्या, मग गप्पा मारायला या.

वन्संना आबांनी स्वतः फोन लावला. मी बाहेर गेले, ऐकलं नाही. नंतर वन्संचा मला फोन आला, पण त्या बोलू शकल्या नाहीत. मीच म्हटलं, जेवलात का.

राग गेलाय असं नाही. भात वाढताना मध्येच येतो. मग आरशातला पाय आठवतो. खाट अजून भिंतीकडेच तोंड करून आहे.

संध्याकाळी बाजारातून उठताना शेजारच्या पाटीत चिंबोऱ्या होत्या, नांग्या बांधलेल्या, जिवंत. चार घेतल्या. घरी आणून नांग्या फोडायला बसले, तो आवाज आबांनी आतून ओळखला.

"कुनी सांगितलं आनायला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कुणी नाही. मलाच खाव्याशा वाटल्या."

आतून खाट करकरली. मग म्हणाले, मना बी एक ठेव.